वखारीवरची माडी

सुर्जी-अंजनगांव हें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तहामुळें परिचित आहे. ता. ३० डिसेंबर १८०३, शके १७२५, रोजीं या गांवच्या छावणींत दौलतराव शिंदे यांच्या वतीनें विठ्ठल महादेव, मुनशी कमलनयन इत्यादि मुत्सद्दी व इंग्रजांच्या वतीनें जनरल आर्थर वेलस्ली यांनीं जो करार केला, त्यानें शिंद्यांचें दक्षिणेंतील सामर्थ्य संपलें. असई, अडगांव व गाविलगड या तीन ठिकाणच्या पराभवांनंतरचा हा तह असल्यामुळें त्याकडे आपण लढायांचा शेवट या दृष्टीनें पाहतों. परंतु त्याची दुसरी एक बाजू आहे. या तहानें शिंद्यांनीं भडोच बंदर व त्याखालील मुलूख सोडून दिला. तत्पूर्वीं तेरा दिवस, म्हणजे १७ डिसेंबर रोजीं, देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र त्यांजकडे राहिले. वर्धेपलीकडील वऱ्हाड पुढें निजामाकडे गेलें. म्हणजे कापूस पिकविणारी काळी जमीन एकाच्या हातीं व कापूस समुद्रावर चढविणारें एक मोठें बंदर दुसऱ्याच्या हातीं, अशी वांटणी एकाच महिन्यांत झाली. तेव्हां कापसाचा विचार कोणाच्या मनांत असो वा नसो, पुढील शंभर वर्षांत वऱ्हाडच्या गांवोगांवीं ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांचें एक मूळ या वांटणींत आहे. त्या इमारती म्हणजे वखारी.

या लेखांत आम्हीं वखारीचा विचार व्यापाराचें ठिकाण म्हणून नव्हे, तर राहण्याचें ठिकाण म्हणून योजिला आहे. त्याचें निमित्त असें कीं, मोठ्या शहरांतून जुन्या वखारींचीं प्रशस्त राहतीं घरें करण्याची चाल अलीकडे पडली आहे. उंच छत, मोकळे खांब, एकच एक लांबरुंद दालन, अशा जागेस 'लॉफ्ट' म्हणतात व ही कल्पना न्यूयॉर्क अथवा लंडन येथून आली असें समजलें जातें. आमचें म्हणणें तीन भागांत सांगतां येईल. पहिलें, वखारीवर राहणें ही आमच्या देशांत नवी गोष्ट नव्हे; वखार या संस्थेचें तें मूळ लक्षणच आहे. दुसरें, जुनें राहणें व नवें राहणें यांत एक मोठा भेद आहे व तो विसरल्यास इतिहास चुकेल. तिसरें, व हेंच आमच्या वाचकांच्या कामाचें, वखारीचें घर करतांना भिंती वांचतात आणि कागद जातात. तें टाळणें संशोधकांच्या हातीं आहे.

(१) शब्दांचा विचार

प्रथम शब्द पाहूं. 'वखार' म्हटलें म्हणजे आजच्या शहरी मनुष्यास लांकडाची वखार आठवते. परंतु जुन्या कागदांत हा शब्द त्याहून व्यापक आहे. माल सांठविण्याची जागा हा एक अर्थ, व परदेशी व्यापाऱ्यांचें ठाणें हा दुसरा. मोल्सवर्थच्या कोशांतहि हे दोन्ही अर्थ आहेत. दुसऱ्या अर्थीं वखार म्हणजे नुसतें कोठार नव्हे. तेथें माल आहे, तिजोरी आहे, हिशेबाची गादी आहे, आणि हें सर्व सांभाळणारीं माणसें तेथेंच राहतात. धान्याच्या पेवांत अथवा बळदांत कोणी राहत नाहीं. सरकारी अंबारखान्यावर पहारा असतो, बिऱ्हाड नसतें. वखारींत मात्र बिऱ्हाड असतें. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

माल खालीं व माणूस वर, ही वखारीची सामान्य रचना. वरच्या भागास माडी म्हणत. छपराखालच्या बुटक्या भागास माळा अथवा पोटमाळा. या शब्दांचें पुढें काय झालें तें मौजेचें आहे. मुंबईंत 'माळा' म्हणजे इमारतीचा मजला झाला. 'तिसऱ्या माळ्यावर' राहणाऱ्या कुटुंबास आपण कोठारांत राहतों असें वाटत नाहीं. उलट 'लॉफ्ट' हा इंग्रजी शब्द, ज्याचा मूळ अर्थ उत्तरेकडील जुन्या भाषांत हवा अथवा वरची जागा असा होता, आमच्या घरांत येऊन स्वयंपाकघराच्या दरवाजावरील सिमेंटच्या फळीचें नांव झाला. त्या फळीवर आपण जुनीं भांडीं, ट्रंका व वापरांतून गेलेल्या वस्तु टाकतों. म्हणजे सांठवणीचा शब्द राहण्यास व राहण्याचा शब्द सांठवणीस, अशी अदलाबदल झाली. ती निष्कारण झालेली नाहीं. वरच्या जागेचे हे दोन उपयोग पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांस चिकटून होते, हेंच त्यावरून दिसतें.

(२) किनाऱ्यावरील वखार

परदेशी वखारींचा इतिहास वाचकांस ठाऊक असल्यामुळें येथें त्यांतील राहण्यापुरताच भाग घेतों. सुरतेस इंग्रजांनीं सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत वखार घातली. तत्कालीन प्रवाशांच्या वर्णनांवरून दिसतें कीं, खालच्या भागांत मालाच्या खोल्या, व वरच्या भागांत वखारवाल्यांच्या निजण्याच्या खोल्या, एकत्र जेवणाचें दालन व प्रार्थनेची जागा अशी व्यवस्था होती. ही मंडळी तेथें मठांतल्याप्रमाणें एकत्र राहत. जानेवारी १६६४ मध्यें शिवाजीमहाराज सुरतेवर आले, तेव्हां शहराचा सुभेदार किल्ल्यांत शिरला. पण इंग्रज व डच आपापल्या वखारी धरून बसले व त्या वांचल्या. ज्या घरांत माणसें राहतात, त्याचा बचाव नुसत्या कोठारापेक्षां निकरानें होतो, असा याचा अर्थ.

राजापूरचें उदाहरण याच्या उलट आहे. तेथील इंग्रजांनीं सन १६६० मध्यें पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास दारूगोळ्याची मदत केली. त्याचें प्रायश्चित्त म्हणून सन १६६१ मध्यें महाराजांनीं राजापूर घेऊन वखार जप्त केली व हेन्री रेव्हिंग्टन प्रभृति वखारवाल्यांस कैदेंत टाकिलें. ते १६६३ त सुटले. त्या वखारीच्या नुकसानभरपाईचें बोलणें १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगींच्या वाटाघाटींपर्यंत चाललें होतें.

या अनुभवाचें सार रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत उतरलें आहे. त्यांतील साहुकारांच्या प्रकरणांत टोपीकरांविषयीं जें सांगितलें आहे, त्याचा आशय असा कीं, हे लोक इतर सावकारांसारखे नव्हत, यांच्या पाठीशीं एकेक राजा आहे. म्हणून त्यांस समुद्रकिनाऱ्यास जागा देऊं नये. द्यावीच लागल्यास राजापुरासारख्या कांहीं कोस आंतल्या शहराच्या आश्रयानें, सखल जागीं द्यावी. आणि पक्क्या इमारतीचें घर मात्र बांधूं देऊं नये. या शेवटल्या अटीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. वखार घालण्यास हरकत नाहीं, व्यापारास हरकत नाहीं. हरकत आहे ती पक्क्या घरास. व्यापारी मालाबरोबर येतो व मालाबरोबर जातो. पण ज्याची भिंत चुन्याची व माडी सागवानी झाली, तो जात नाहीं. वखारीचें घर होणें म्हणजे काय, हें त्या राजनीतिज्ञानें इतक्या आधीं ओळखलें होतें. आज ज्यास आपण इमारतीचा कायापालट म्हणतों, तो त्याच्या मतें राज्याच्या चिंतेचा विषय होता.

(३) वऱ्हाडची कापसाची वखार

आतां किनारा सोडून घांटावर येऊं. वऱ्हाडांतील वखारीचें कारण निराळें होतें. तें ऋतु व रस्ता यांत शोधलें पाहिजे.

कापसाची वेचणी कार्तिकापासून माघ-फाल्गुनापर्यंत चालते. रेल्वेपूर्वीं माल बैलांच्या पाठीवर अथवा गाड्यांतून जात असे. त्याची एक वाट उत्तरेस गंगेवरील मिर्झापूरपर्यंत होती, तर दुसरी पश्चिमेस मुंबईकडे. मृगाचा पाऊस पडला कीं वऱ्हाडच्या काळ्या मातींत गाडी रुतते व बैलाचा पाय निघत नाहीं. म्हणून जो माल उन्हाळ्याअखेर निघाला नाहीं, तो चार महिने जागेवर अडकला. रुई भिजली कीं कुजते, व कोरडी राहिली तर एका ठिणगीनें पेटते. तेव्हां तिला जाड भिंत, उंच छत, थोडे झरोके व रात्रंदिवस जागणारा माणूस एवढ्या चार गोष्टी लागतात. त्या चौथ्या गरजेमुळें माडी आली. ती हौसेची वस्तु नव्हती; मालाच्या राखणीचा तो भाग होता. माडीवरून अंगणांतील गाड्या दिसत, तोल चाललेला दिसे, आणि खालीं धूर झाल्यास प्रथम वर कळे.

या व्यापाराच्या वाढीचा एक टप्पा निश्चित सांगतां येतो. हैदराबादच्या आश्रयास असलेल्या विकाजी व पेस्तनजी या पारशी सावकारांनीं १८२५-२६ सालीं वऱ्हाडांतून मुंबईस कापसाची पहिली मोठी रवानगी केली. ती ५०० बैलांची, १,२०,००० पौंडांची व सुमारें २५,००० रुपये किंमतीची होती असें इंग्रजी गॅझेटियरांत नमूद आहे. हिशेब केल्यास दर बैलामागें २४० पौंड पडतात. आमच्या मतें या आंकड्याचें महत्त्व रकमेंत नाहीं. पांचशें बैलांचा तांडा एके दिवशीं निघावयाचा तर तेवढा माल आधीं एके ठिकाणीं, कोरडा व बांधून तयार असला पाहिजे. म्हणजे तांड्यापूर्वीं वखार आहे. या सावकारांनीं वऱ्हाडांत कापूस सांठविण्याच्या व दाबण्याच्या जागा उभ्या केल्या, त्या याच गरजेनें. निजामसरकारास दिलेल्या कर्जापायीं पुढें या पेढीचा ऱ्हास झाला. पण त्यांनीं पाडलेला पायंडा राहिला.

सन १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडील कापूस थांबला व वऱ्हाडच्या रुईस पूर्वीं न मिळालेला भाव मिळाला. १८६७ त लोहमार्ग नागपुरास पोंचला. १८७० त खामगांवचा फांटा उघडला. १८८६ त कारंजा येथें कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील अशा बाजारांत तो पहिला मानला जातो. १८९७ त वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. अडत्या, दलाल, तोलारी व हमाल यांचे हक्क व मेहनताना यांस त्यामुळें नियम लागला. हाताच्या रेच्यानें सरकी काढण्याचें काम मागें पडून वाफेचे जीन व प्रेस आले. सैल बांधलेल्या डोकड्यांच्या जागीं यंत्रानें घट्ट दाबलेली ३९२ पौंडांची गांठ आली. दोन गांठींची मुंबईची एक खंडी, म्हणजे ७८४ पौंड.

अंजनगांव व सुर्जी हीं शहानूर नदीवरील जोडगांवें या जाळ्यांत होतीं. येथील बारी लोकांचे पानमळे व त्यांतील पिंपळी प्रसिद्ध आहेत. या तीन मालांची तुलना वखारीचें मर्म सांगते. विड्याचें पान सांठत नाहीं. तें आज खुडावें व उद्यां बाजारांत न्यावें. पिंपळी वाळवून पोत्यांत राहते, पण तिला जागा थोडी पुरते. कापसास मात्र जागा फार, वजन कमी व धोका मोठा. ज्या गांवांत हे तीनहि माल आहेत, तेथें उंच छताची इमारत दिसली तर ती कोणासाठीं बांधली असावी, याचा तर्क करण्यास अडचण पडूं नये. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालीं मुर्तिजापूर ते अचलपूर असा सुमारें ७६ किलोमीटरांचा अडीच फुटी लोहमार्ग अंजनगांवावरून गेला. तीच पुढें 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ओळखली जाणारी गाडी. तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत चाललें. नंतर डिझेल आलें व पुढें गाडीच बंद झाली. जेथें जेथें रूळ गेला, तेथें तेथें जीन-प्रेस स्थानकाच्या बाजूस सरकले आणि पेठेंतील वखारीस दुसरें काम शोधावें लागलें. खालीं दुकान, वर बिऱ्हाड, हा तिचा स्वाभाविक शेवट. तेव्हां वखारीचें घर होण्याची क्रिया वऱ्हाडांत शंभर वर्षांची जुनी आहे. फक्त तिला कोणी नांव दिलें नव्हतें.

(४) परदेशांतील प्रकार

तुलनेसाठीं थोडें बाहेर पाहूं. आम्स्टरडॅम येथें सतराव्या शतकांत कालव्यांच्या कांठीं व्यापाऱ्यांनीं जीं घरें बांधलीं, त्यांत माल वर व माणूस खालीं असे. जमीन पाणथळ असल्यामुळें माल छपराखालीं ठेवीत. त्यासाठीं दर्शनी भिंतीच्या माथ्यावर पुढें आलेली तुळई व कप्पी असे. तीं आजहि तेथें दिसतात. आमच्या वखारींत याच्या उलट व्यवस्था, कारण आमचा माल बैलावरून व गाडीवरून उतरे, नावेंतून नव्हे. घराची मांडणी वाहनावर कशी अवलंबून असते याचें हें उत्तम उदाहरण होय.

न्यूयॉर्कच्या सोहो भागांतील ओतीव लोखंडी दर्शनाच्या इमारती एकोणिसाव्या शतकांतील. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कारखाने व गोदामें उठलीं आणि कमी भाड्याच्या मोठ्या उजेडाच्या जागा म्हणून चित्रकार-शिल्पकार तेथें कायद्याविरुद्ध राहूं लागले. १९७१ त नगररचनेचे नियम बदलून कलावंतांस तेथें राहण्याची परवानगी मिळाली. १९७३ त तो भाग ऐतिहासिक म्हणून घोषित झाला. १९८२ त अशा भाडेकऱ्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. लंडनची बटलर्स वॉर्फ ही १८७१-७३ मधील प्रचंड वखार १९७२ त बंद पडली व पुढील दशकांत तिचीं राहतीं घरें झालीं. हांबुर्ग येथील १८८३ पासून बांधलेला वखारींचा सबंध विभाग २०१५ त जागतिक वारशाच्या यादींत गेला. आमच्याकडे मुंबईंत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या व बाजार आले. कोचीन येथें मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या इमारतींतून २०१२ पासून कलाप्रदर्शनें भरूं लागलीं.

आतां भेद सांगतों. सोहो अथवा लंडन येथें माल गेला म्हणून माणूस आला. वऱ्हाडच्या वखारींत माल होता म्हणून माणूस होता. तेथील माडीवर बहुधा धनी राहत नसे. मुनीम, गुमास्ते, रखवालदार राहत. मोठें दालन त्यांच्या सुखासाठीं नव्हतें. म्हणून 'आमच्याकडे लॉफ्ट पूर्वींच होते' असें अभिमानानें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. साम्य रचनेचें आहे, जीवनाचें नाहीं. जी उंची आज ऐश्वर्याची खूण समजली जाते, ती रुईच्या ढिगाची उंची होती. जो मोकळेपणा आज मोलानें घेतात, तो डोकडे रचण्यासाठीं राखलेला होता. एवढें ओळखून जो तेथें राहील त्यानें अवश्य राहावें.

(५) माडीवरचें दप्तर

वखारीच्या माडीवर माणसाखेरीज आणखी एक वस्तु राहत असे, ती म्हणजे दप्तर. खालीं ओल व वाळवी, म्हणून वह्या वर. दिवाळीस वहीपूजन झालें कीं जुनी वही रुमालांत बांधून आणखी वरच्या फळीवर, म्हणजे माळ्यावर जाई. रोजकीर्द, खतावणी, हुंड्या, गहाणखतें, फारखती, तोलाच्या चिठ्ठ्या, अडत्यांचीं पत्रें, असा हा सांठा. राजकीय पत्रव्यवहार शोधणाऱ्यांनीं त्याकडे फारसें पाहिलें नाहीं. परंतु अशा वरच्या अंधाऱ्या जागांतून काय निघूं शकतें, हें आपणांस सांगावयास नको. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा १८९८ चा पहिला खंड वाई येथें एका घरीं सांपडलेल्या कागदांतून उभा राहिला, व पानिपतच्या इतिहासाचें स्वरूपच पालटलें.

व्यापारी गांव व हस्तलिखितें यांचा संबंध वऱ्हाडांत विशेष दिसतो. कारंजा हें सावकारांचें नगर म्हणून १६७० त लुटलें गेलें. त्याच कारंजाच्या जैन मंदिरांतील भांडारांत व्यापाऱ्यांच्या दातृत्वावर शेंकडों पोथ्या जगल्या. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड हस्तलिखितसूचीनें त्यांची ओळख विद्वानांस झाली, आणि 'जसहरचरिउ' (१९३१), 'णायकुमारचरिउ' (१९३३), 'करकंडचरिउ' (१९३४) हे अपभ्रंश ग्रंथ कारंजा ग्रंथमालेंतून उजेडांत आले. अंजनगांवासहि देवनाथ महाराजांची (१७५४-१८२१) मठपरंपरा आहे. १८०३ चा तह झाला तेव्हां हे सत्पुरुष एकोणपन्नास वर्षांचे होते. पोथीस मठ व मंदिर यांचा आश्रय मिळाला. वहीस तसा आश्रय कोणाचाच नाहीं. तिला फक्त माडी होती.

ती माडी आतां रिकामी होत आहे. १९७२ पासून सुमारें तीन दशकें महाराष्ट्रांत सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली व खाजगी व्यापाऱ्याचा कापसाशीं असलेला जुना संबंध तुटला. पेठेंतील वखारी दुरुस्तीवांचून राहिल्या. कोठें छप्पर बसलें, कोठें नवी इमारत झाली, कोठें वारसांनीं घर म्हणून ती ठीक केली. तीनहि प्रकारांत पहिलें काम एकच, तें म्हणजे माळा मोकळा करणें. मोडी वाचतां येत नाहीं, मुडिया लिपीचा तर गंधहि नाहीं; तेव्हां रुमाल रद्दीवाल्याकडे जातात. ज्यानें वखारीचें सुंदर घर केलें, त्यास आपण इतिहास वांचविला असें मनापासून वाटतें. त्याचें म्हणणें अर्धें खरें आहे.

(६) काय करावें

इमारती जशाच्या तशा गोठवाव्या या पक्षाचे आम्ही नाहीं. वापरांत नसलेली वखार दोन-चार पावसाळ्यांत खचते. राहत्या घराचें छप्पर दरवर्षीं शाकारलें जातें. म्हणून वखारीचें घर होणें हा तिच्या रक्षणाचा बहुधा एकमेव व्यवहार्य मार्ग आहे. आमची सूचना एवढीच कीं, गवंडी येण्यापूर्वीं संशोधकानें एकदां तेथें जावें. त्यासाठीं पुढील गोष्टी पुरेत.

पहिली गोष्ट मोजणीची. खण किती, खांबांतील अंतर किती, छताची उंची, भिंतीची जाडी, झरोक्यांची जागा, जिना आंतून कीं बाहेरून, हें टिपावें. जिना बाहेरून असल्यास माडीवर राहणारा व खालचा माल यांचे व्यवहार वेगळे होते असा तर्क करण्यास आधार मिळतो. आंतून असल्यास एकच.

दुसरी गोष्ट, रुमाल जेथें सांपडला ती जागा लिहिल्यावांचून तो हलवूं नये. एका गांठोड्यांतील कागद वेगळे करूं नयेत. त्यांचें एकत्र असणें हाहि पुरावाच आहे.

तिसरी गोष्ट कालगणनेची. वऱ्हाडच्या एकाच पेढीच्या दप्तरांत शक, फसली व संवत असे तीन सन येऊं शकतात. शकांत ७८ व दक्षिणी फसलींत ५९० मिळविले, आणि संवतांतून ५७ वजा केले, म्हणजे इसवी सन साधारणपणें निघतो. वर्षारंभ निराळे असल्यामुळें एका वर्षाचा फरक पडतो. उदाहरणार्थ, अंजनगांवचा तह शके १७२५, फसली १२१३ व संवत १८६० या वर्षीं पडतो. मोडी जाणणाऱ्यानें गुजराती व मारवाडी वह्यांसाठीं तीं अक्षरें जाणणारा सोबत घ्यावा.

चौथी गोष्ट, खतावणींत इमारतखर्चाचें खातें शोधावें. चुना, सागवान, सुतार, बेलदार यांच्या नांवें पडलेल्या रकमा म्हणजे त्या वखारीची जन्मपत्रिका होय. ज्या इमारतीवर शिलालेख नाहीं, तिचें वय या एका खात्यावरून ठरूं शकतें. वही गेली कीं इमारत मुकी झाली. मग तिच्या वयाबद्दल घरमालक सांगेल तेंच खरें.

पांचवी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानें ऐतिहासिक, वाङ्मयीन अथवा शास्त्रीय मोलाचें हस्तलिखित वा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला कीं तो पुरावस्तु ठरतो. इतर वस्तूंस ही मुदत शंभर वर्षांची आहे. २००३ त सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेनेंहि हस्तलिखितांसाठीं हीच पंचाहत्तर वर्षांची मर्यादा धरिली. संग्राहकांनीं हें मालकास सौम्यपणें समजावून द्यावें. धाक म्हणून नव्हे, तर मोल कळावें म्हणून. वही विकत घेऊन आपल्या कपाटांत ठेवण्यापेक्षां, ती ज्या वखारीची त्या वखारीचें नांव तिच्यावर लिहून ती एखाद्या मंडळाच्या दप्तरखान्यांत जाईल असें पाहणें, हें खऱ्या संग्राहकाचें काम आहे. हें लिहितांना संग्राहकांवर आम्ही दोष ठेवीत नाहीं. त्यांनीं हात घातला नसता तर कितीएक कागद आज उरलेच नसते.

सारांश, सुर्जी-अंजनगांवच्या तहाची प्रत राज्यांच्या दप्तरांत सुरक्षित राहिली; तिच्या कलमांवर ग्रंथ झाले. त्या तहानंतर ज्या लोकांनीं त्या काळ्या मातींतून रुई काढली, तोलली, सांठविली व तिच्यावर रात्रीं जागले, त्यांचा इतिहास वखारींच्या माड्यांवर आहे. तेथें उद्यां कोणी सुखानें राहणार असेल तर त्यास आमचें अभीष्टचिंतन. मात्र त्यानें पलंग वर नेण्यापूर्वीं रुमाल खालीं आणावे, आणि ते रद्दीच्या तराजूंत जाण्यापूर्वीं एखाद्या जाणत्यास दाखवावे, एवढीच विनंति आहे. आमच्या वऱ्हाडांतील वाचकांस ज्या अशा वखारी ठाऊक असतील, त्यांचीं टिपणें त्यांनीं या पावसाळ्यापूर्वीं करावीं. पुढील पावसाळ्यानंतर त्या तेथें असतीलच असा भरंवसा नाहीं.